आनंददायी बागकाम (सक्तीचे)

मुलांचे मातीशी नाते जुळावे, कुटुंबाने चार घटका एकत्र घालवाव्यात आणि या दोन्ही गोष्टींची नोंद कार्यालयात असावी, या उदात्त हेतूने शाळेने परिपत्रक काढले. विषय : ‘कुटुंबासह आनंददायी बागकाम’. प्रत्येक घरी एक कुंडी असावी, तीत मुलाने स्वहस्ते बी पेरावे आणि सहा आठवडे दर शनिवारी फोटोसह अहवाल पाठवावा. फोटोत मूल, माती, रोप आणि किमान एक पालक हसताना दिसावेत. माती व रोप यांना हसण्यातून सूट होती. शेवटची ओळ ठळक छापलेली होती : ‘उपक्रम निखळ आनंदासाठी असून सक्तीचा आहे. तो अपूर्ण राहिल्यास पाल्यास पहिलीत घेतले जाणार नाही.’

निरीक्षकांनी परिपत्रक दोनदा वाचले. ते वजनमापे खात्यात होते. दुकानदाराचे खोटे वजन त्यांना नुसते तळहातावर घेऊन कळायचे आणि दहा ग्रॅमच्या खोटीसाठी त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. त्यांची मुलगी पाच वर्षांची होती. सदानकदा जमिनीवर काहीतरी शोधत फिरायची, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

मुंगीने घेवड्याचे बी पेरले तो दिवस खरोखर आनंदाचा होता. कोपरापर्यंत माती, नाकाला माती, आणि तोंडाने अखंड बडबड. निरीक्षकांनी फोटो पाठवला. सोमवारी तो परत आला. शेरा : ‘हात अस्वच्छ.’ त्यांनी तिचे हात धुऊन दुसरा फोटो पाठवला. तोही परत आला. शेरा : ‘मातीशी नाते दिसत नाही.’ मग निरीक्षक अर्धा दिवस रजा टाकून वर्गबाईंना भेटले.

“नियम चारप्रमाणे हात माखलेले हवेत,” वर्गबाईंनी शांतपणे सांगितले. “आणि नियम नऊप्रमाणे स्वच्छ हवेत.”

“अहो, पण दोन्ही एकदम कसं जमणार?”

“बाकीच्या तीस पालकांनी जमवलं की हो. तुम्हीच पहिले आलात विचारायला.”

तोडगा निरीक्षकांच्या बायकोने काढला. तिने मुंगीच्या धुतलेल्या हातांना कॉफीची पूड चोळली. फोटो मंजूर झाला आणि वर शेरा आला : ‘नाते सुरेख दिसते.’

आता फक्त बी उगवायचे बाकी होते, आणि ते काही उगवेना. बारा दिवस झाले. तेराव्या दिवशी सकाळी निरीक्षकांनी गुन्हेगाराला रंगेहाथ पकडले. मुंगी कुंडीपुढे उकिडवी बसली होती. तिने बी उकरून काढले, उलटसुलट करून पाहिले, “झोपलंय अजून” म्हणाली आणि पुन्हा पुरले. हे ती रोज करत होती.

“अगं ए! उकरतेस काय?”

“बघतेय.”

“असं रोज बघितलं तर ते उगवेल कसं?”

“मग मला कळणार कसं?” मुंगीने विचारले. “तू पण दुकानात जाऊन बघतोसच ना?”

निरीक्षकांनी कुंडीतली माती बोटाने सपाट केली. बायको आतून म्हणाली, “उकरू दे रे तिला. मजा येतेय तिला. उगवेल तेव्हा उगवेल.”

“आणि शनिवारी काय पाठवू? खड्ड्याचा फोटो? पोरगी बालवर्गात बसेल पुन्हा!”

तिकडे पहिलीचा वर्ग आणि इकडे उकरलेली कुंडी. बाप बिचारा कात्रीत सापडला. संध्याकाळी तो रोपवाटिकेत गेला.

“घेवडा आहे का?” निरीक्षकांनी आवाज खाली आणून विचारले.

रोपवाल्याने मान वर केली नाही. “कितव्या आठवड्याचा?”

“म्हणजे?”

“शाळेचाच ना साहेब? या ओळी बघा. एक ते सहा. पहिल्या आठवड्यात नुसती माती असते, तीही भरपूर खपते. सहाव्याला सहा पानं. सातवं आलं तर मीच खुडतो, तुमच्या बाईंना चालत नाही.”

निरीक्षकांनी दुसऱ्या आठवड्याची कुंडी उचलली. खोटे वजन ओळखणारा तळहात लगेच कुरकुरला. त्यांनी कुंडी दुसऱ्या हातात घेतली.

मुंगीने रोप पाहिले आणि म्हणाली, “हे माझं नाही.”

“तुझंच आहे. एकदम वाढलं बघ.”

“माझं झोपलेलं कुठेय?” तिने मातीत बोट खुपसले. निरीक्षकांनी ते अलगद बाहेर काढले.

“हात नको लावूस, बाळा. शनिवारपर्यंत टिकायला हवं.”

मुंगी रडली. खूप रडली. बापालाही वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. पण अहवालात त्यासाठी रकाना नव्हता. होता तो ‘मुलाचा आनंद, दहापैकी’. त्यांनी दहा लिहिले. वर्गबाईंनी ते खोडून साडेआठ केले, कारण दहा हा आकडा तपासणीत संशयास्पद वाटतो.

तिथून पुढे सगळे सुरळीत झाले. दर शुक्रवारी कुंडी बदलायची. दर शनिवारी कॉफी, कॅमेरा, हसू. चौथ्या आठवड्यापासून मुंगीला बोलवावेही लागेना. ती आपणहून यायची, हात पुढे करायची, “झालं?” विचारायची आणि निघून जायची. जमिनीवर शोधाशोध करणेही तिने सोडले. पोरगी शहाणी झाली, असे सगळे म्हणू लागले.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी शाळेत प्रदर्शन भरले. एकतीस कुंड्या, एकतीस रोपे, सगळी एका उंचीची, प्रत्येकाला सहा पाने. मुख्याध्यापिकांचा ऊर भरून आला. “पाहा,” त्या पालकांना म्हणाल्या, “समान संधी दिली की वाढ कशी समान होते!” पालकांनी एकमेकांकडे न पाहता टाळ्या वाजवल्या.

मग मुख्याध्यापिका नेमक्या मुंगीसमोर थांबल्या. “सांग बरं बाळ, हे कसं वाढवलंस?”

निरीक्षकांनी मनातल्या मनात हिशेब केला. पोर खरे बोलली तर बालवर्ग, शिवाय एकतीस घरांची अब्रू. मुंगीने मान किंचित तिरकी केली, फोटोत करायची तेवढीच.

“मी आणि बाबांनी मिळून लावलं. मी रोज पाणी घातलं. खूप खूप मजा आली.”

टाळ्या कडाडल्या. मुंगी पहिलीत गेली. वर्गबाई निरीक्षकांना म्हणाल्या, “किती निरागस बोलते हो!”

घरी परतताना निरीक्षक रस्त्यातच मुंगीपुढे खाली बसले. “मुंगे, आपण आता खरंखुरं बी लावूया? तुला हवं तेवढं उकर. मी काही बोलणार नाही.”

मुंगीने त्यांच्याकडे समजूतदारपणे पाहिले. “आता कशाला, बाबा? पास झालो ना आपण?”

निरीक्षक उठले, गुडघ्यांची धूळ झटकली. संध्याकाळी त्यांनी सगळ्यांत चांगला फोटो नातेवाइकांना आणि मित्रमंडळींना पाठवला. खाली लिहिले : ‘लेकीसोबत मातीत. बालपण असंच असावं.’ अर्ध्या तासात एकशे बारा लाल बदाम आले. त्यातला एक तुमचा होता, आणि तो पाठवून होताच तुम्ही आपल्या पोराला हाक मारलीत, “इकडे ये रे जरा, कुंडीजवळ उभा राहा.”