उशीनं घेतलेली बाजू

रविवारी मेहुण्याला जेवायला बोलवायचं आणि त्याची चूक त्याला आमच्याच टीव्हीवर दाखवायची, असं मी ठरवलं. (बायकोला बेताचा पहिला अर्धाच भाग सांगितला होता.)

मेहुणा रग्बीचा पंच. रग्बीत चेंडू हातानं मागेच द्यायचा, पुढे दिला की चूक. अंतिम सामन्यात त्यानं एक पास चालवून घेतला, त्यावर सामना फिरला, आणि दुसऱ्या दिवशी मी पेपरात त्याची सालटी काढली. 'पंचांचे डोळे पुरे झाले, व्हिडिओ रिप्ले आणा!' नातं बघून लेखणी बोथट करणारा बातमीदार मी नव्हे! तेव्हापासून तो आमच्याकडे फिरकला नव्हता. पंचगिरी सोडणार, असंही बायकोच्या कानावर आलं होतं.

"आज त्याच्याशी नीट वागा," ती म्हणाली. "एकच भाऊ आहे मला."

जेवणं झाली. मी रिमोट उचलला.

"अहो, नको ना."

"पुरावा आहे, पुरावा!" मी चित्र थांबवलं. चेंडू सुटला तो पांढऱ्या रेषेच्या अलीकडे, झेलला गेला पलीकडे. "बोला पंचसाहेब, गेला की नाही पुढे?"

"जमिनीच्या हिशेबानं गेला, भाऊजी. पण देणारा पळत होता. त्याच्या वेगानं चेंडूही पुढे वाहतो. मी हात बघतो. हात मागेच वळले होते."

"काहीतरीच!" मी सोफ्यावरची उशी काखेत मारली, दारापासून धावत आलो आणि चांगली मागे टाकली. उशी माझ्याबरोबर पुढे आली आणि फुलदाणीवर आदळली. (घरच्या उशीनंसुद्धा माहेरची बाजू घेतली.)

कोणी हसलं नाही. मेहुणा खाली बसून काचा वेचू लागला.

"चेंडू राहू द्या," बायको टीव्हीकडे बघत म्हणाली. "मागे त्या बाकावर कोण आहे?"

तो पत्रकारांचा बाक. सगळ्यांच्या नजरा मैदानावर. एकटाच मैदानाकडे पाठ करून, हातवारे करत शेजाऱ्याला काहीतरी पटवतोय. चौकटीचं जाकीट बायकोनंच घेतलेलं. (रिप्ले किती गरजेचा आहे, हेच मी पटवत होतो.)

"मला तेव्हाच दिसलं होतं," मेहुणा हळूच म्हणाला. "पास चालू दिला आणि तुमच्याकडे बघितलं. आपलं माणूस आहे, मान हलवेल, असं वाटलं."

"मग बोलला का नाहीस?"

"ताईच्या नवऱ्याची अब्रू चारचौघांत कशी काढू?"

बायकोनं त्याच्या हातातल्या काचा घेतल्या. "शिट्टी सोडू नकोस रे."

"कालच परत केली, ताई."

तो बूट घालून निघाला. ती फाटकापर्यंत गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती लिहून संपादकांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"छापू. पण ज्याची चूक, त्याचा त्या क्षणाचा फोटो लागेल. आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "पाठमोरा."