उंदरांची समाधी

"बुवा, माणसांचं सोडा, माझे उंदीरसुद्धा तुमच्या कीर्तनात रंगतात!"

पोह्यांच्या बशीवर उल्हासनं हे जाहीर केलं, आणि नागपूरहून जबलपुरात कीर्तनाला आलेले, त्याच्याच घरी उतरलेले रत्नाकरबुवा घास तोंडाशी धरून बघतच राहिले.

गोष्ट खरी होती. म्हणजे उल्हासला ती खरी वाटत होती! त्याच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या मेंदूतलं 'आता पुरे' म्हणणारं बटण जन्मतःच बिघडलेलं. लग्नाला निघाल्यासारखे दिवसभर पंजांनी तोंड धूत बसायचे. गालांवरचे केस झडले तरी थांबणं नाही. आठवड्यापूर्वी उल्हासनं पिंजऱ्यांशेजारी बुवांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावलं आणि झांज वाजताच सगळे पंजे थांबले! औषधाला जमलं नाही ते नामानं केलं! त्याचे डोळेच भरून आले. मग रोजच लावू लागला.

"अहो, हा तर दृष्टान्त झाला!" बुवा म्हणाले. "आज उत्तररंगात हाच सांगतो. पण आधी डोळ्यांनी बघू द्या."

"चलो, आत्ताच!"

बुवा झांज घेऊनच निघाले. पिंजऱ्यासमोर त्यांनी हात जोडले, गळा साफ केला आणि झांज वाजवली. खण्ण! उंदीर जागच्या जागी. मिशीसुद्धा हलेना.

"समाधी!" बुवा कुजबुजले.

तेवढ्यात उल्हासची सहकारी प्रणोती धावत आली. सुट्टीवरून ती आजच परतली होती.

"सर, हे काय करून राहिले तुम्ही?"

"हळू! ते ऐकताहेत."

"ऐकून नाही राहिले, घाबरलेत! पाठ बघा कशी आखडली. लेंड्यांचा सडा बघा. मांजर समोर आलं की उंदीर अस्साच बसतो!"

"मांजर?" बुवांनी झांज पाठीमागे लपवली.

उल्हास वाकला. कोपऱ्यातल्या एका पिल्लाची कूस नुसती धपापत होती. भीतीनं थिजणं म्हणजे काय, हे तो स्वतः वर्गात शिकवायचा! आणि देवाचं नाव घेऊन आठवडाभर त्यानं या मुक्या जिवांना रोज मांजर दाखवलं होतं. त्याला मान वर करवेना.

"बुवा, चुकलो."

"मला काय सांगता? त्यांना सांगा."

उल्हासनं पिंजऱ्याला हात जोडले. प्रणोतीनं तोंड फिरवलं.

परतताना बुवांनी गाडीत झांज फडक्यात गुंडाळून ठेवली. घर आल्यावर एकदम म्हणाले, "उल्हासराव, माझ्या कीर्तनात पुढची रांगही अशीच हलत नाही हो. मी त्याला रंगणं समजत आलो."

उल्हास गाडी बंद करायचंच विसरला. उंदीर तर घाबरवलेच, वर बुवाही!

संध्याकाळी बुवा कीर्तनाला उभे राहिले ते पडलेल्या आवाजानं. झांज बाजूलाच. पुढची रांग तल्लीन, निश्चल! बुवांचा स्वर अडखळला. आता? उल्हासनं चट्‌कन दोन्ही हात वर केले आणि खसाखसा तोंड चोळलं, कानांमागूनसुद्धा. बुवांनी पाहिलं. चेहरा खुलला, तान मोकळी झाली!

"अहो, काहून तोंड चोळून राहिले? लोक बघतात!" बायको मीनाक्षी कुजबुजली.

"गप! मी घाबरलो नाही, हे कळवतोय त्यांना."

बुवांची नजर वळली की उल्हासचे हात गालांवर. कीर्तन अस्सं रंगलं, की शेवटी बुवांनी झांजही उचलली! आरती झाली, प्रसाद वाटून झाला, बुवा आत गेले. तरी लालबुंद गालांवरून उल्हासचे हात काही खाली येईनात.

कीर्तनाला आलेल्या प्रणोतीनं मागून हळूच विचारलं,

"सर, झांज वाजवू का?"