बंद इंजिनातली पातळी

कुपवाडच्या एका सहकारी संस्थेने १९७३ साली लिलावात एक परदेशी मोटार घेतली. तिला क्लच नाही, याबद्दल अध्यक्ष लालासाहेबांनी सभासदांचे अभिनंदन केले. गिअर आपोआप बदलत. त्यासाठी वेगळे लाल तेल लागे. ते पाहण्याचे काम ड्रायव्हर हरिबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आबांकडे होते. फौजेत शिकलेला त्यांचा नियम साधा होता: गाडी सपाट जागी उभी करायची, आणि इंजिन तापलेले व चालू असताना तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढून पाहायची.

पुढच्या वर्षी इंधनटंचाईमुळे परिपत्रक निघाले: 'उभ्या वाहनाचे इंजिन चालू ठेवू नये.'

आबा अधीक्षक आप्पासोंकडे गेले. "आवं सायेब, इंजिन बंद केलं की तेल समदं खाली उतरतंय. पट्टी भरल्याली दावती. ती खोटी असती."

"भरल्याली दावती न्हवं?"

"व्हय, पर..."

"मग बंद करूनच बघा की! चालू इंजिनात कमी पडणारं तेल बंद इंजिनात पुरतंय. ही बचतच झाली."

या बचतीबद्दल संस्थेला प्रशस्तिपत्र मिळाले.

तेल गळतच होते. खंडेनवमीला मोटारीखाली लाल ठिपके दिसले. मोटारीने स्वतःच कुंकू वाहिल्याची नोंद इतिवृत्तात झाली. पुढे ठिपके तपकिरी झाले, जळका वास येऊ लागला. तपासणीच्या तक्त्यात रंगापुढे 'लाल' आधीच छापलेले असल्याने हा बदल नोंदवता आला नाही. आबांनी तीन अर्ज दिले. तिसऱ्यावर शेरा आला: 'पातळी पूर्ण. अर्जदाराने विनाकारण वास घेऊ नये.'

मार्चमधल्या एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा आबा छाती धरून बसले होते. मिरजेच्या दवाखान्यात नेण्यासाठी आप्पासोंनी तत्परतेने तीच मोटार मंजूर केली. केरबा ड्रायव्हरने गिअरचा दांडा ओढला. इंजिन गरजले. मोटार जागची हलली नाही.

"बंद कर रं केरबा," मागच्या सीटवरून आबा म्हणाले. "तेल न्हाई तिच्यात."

आप्पासो धावत आले. "बंद करा आधी! गाडी उभी हाय!"

रिक्षा मिळेपर्यंत उशीर झाला होता.

चौकशी समितीने इंजिन बंद ठेवून पट्टी पाहिली. पातळी पूर्ण होती. मोटार निर्दोष ठरली. मृत ड्रायव्हरने तिच्याविषयी गैरसमज पसरवल्याचा ठपका आला. वार्षिक सभेत, वेळ वाचावा म्हणून, हा अहवाल आणि आबांचा दुखवटा एकाच ठरावात मांडला गेला.

वारस म्हणून मला बोलावले होते. मी उभी राहिले. "मोटार दारातच आहे. एकदा इंजिन चालू करून पट्टी बघा."

"पोरी," लालासाहेब हळुवारपणे म्हणाले, "बापाच्या दुखवट्याला इरोध करतीस व्हय?"

विरोधात एकच हात वर होता, माझा. तुम्ही सभासद होता, तिसऱ्या रांगेत. दोन मिनिटे मान खाली घालून उभे राहिलात. मग चहाला निघताना, मोटारीखालचा डाग लागू नये म्हणून तुम्ही धोतर जरा वर उचललेत.