आयरिश वाटत नाही

आपला मुलगा बाळा याचं वागणं मालनबाईंना मुळीच पसंत नव्हतं. घरी ठेवलेल्या पाहुण्याला तो रोज सकाळी पोहे खायला घालून लोकांना चाबकानं मारायला अंधेरीला पाठवत असे. पाहुणचाराची ही कुठली रीत, असं त्यांनी भांडुपच्या आपल्या इमारतीत घरोघरी विचारून झालं होतं.

पाहुणा म्हणजे ओवेन, आयर्लंडचा नट. तिकडे त्यानं उभी हयात रंगमंचावर काढली. राजे केले, भिकारी केले, दारुडे पाद्री केले, एकदा तर आंधळी म्हातारी करून टाळ्या घेतल्या. पडद्यावर मात्र तो बहुतेक पहिल्याच प्रसंगात मरायचा. असाच एकदा मरायला म्हणून मुंबईत आला, तर सिनेमाच त्याच्याआधी मेला. मग तो बाळाच्या हाती लागला. मालिकांना गोरे नट पुरवणं हा बाळाचा धंदा होता.

धंद्याचे नियम पक्के होते. गोरा म्हणजे इंग्रज. दाढी असली तर पोर्तुगीज. टक्कल पडलं की जर्मन डॉक्टर. आयरिश हा प्रकार व्यवस्थेत उपलब्ध नव्हता. त्यामुळे ओवेन कधी कलेक्टर व्हायचा, कधी जेलर, आणि बजेट कमी असलं की नुसताच चाबूक धरलेला हात.

"आये, आज तिघांका मारलंय," संध्याकाळी दारात बूट काढताना तो सांगायचा. मालनबाईंच्या ओट्याशी बसून एवढी मालवणी त्यानं उचलली होती. "एकाची माफी मागूची रवली."

"उद्या माग हां. विसरा नको."

एकदा त्यांनीच सहज विचारलं, "तू इंग्लंडचो ना रे?"

ओवेननं हातातला घास ताटात ठेवला. "नाय आये. आमकाव त्यांनीच लुटल्यानी."

मालनबाईंना भूगोल ठाऊक नव्हता, पण दुखणं कळलं. त्यांच्या वेंगुर्ल्याच्या माणसाला कुणी 'गोव्याचे का?' म्हटलं की त्यांचंही डोकं असंच फिरायचं.

आणि मग एक नवी मालिका आली, जिच्यात चक्क एक आयरिश माणूस होता. कोकणातल्या क्रांतिकारकांना मदत करून हसत फासावर जाणारा. ओवेनचं जेवण सुटलं. एकदा तरी आपल्या माणसाचं काम करायचं, नाही मिळालं तर सरळ आयर्लंडला परत जायचं, असं त्यानं जाहीर केलं. तो आरशासमोर फासावर जायची तालीम करी आणि मालनबाई लसूण सोलत डोळे पुसत. शब्द एक कळत नव्हता, पण त्यामुळे काही अडलं नाही.

ऑडिशनचा निकाल बाळानं जेवताना सांगितला. तो दहीभात खात होता. घाटकोपरच्या एका बड्या शाकाहारी सोसायटीत फ्लॅट मिळावा म्हणून त्यानं मासळी कधीच सोडली होती. आता त्याला घरच्या कालवणाच्या वासानंही मळमळायचं.

"काम एकदम झकास झालं त्याचं. डिरेक्टर चंद्रप्रकाश सरांच्या डोळ्यात पाणी आलं."

"मग?"

"मग काय! तो आयरिश वाटत नाही."

"अरे मेल्या, तो आयरिशच आसा!"

"असेल गं खरा. पण वाटत नाही ना! लोकांनी त्याला साहेब म्हणून बघितलाय. प्रेक्षकांना कन्फ्यूज होतं."

ती भूमिका मुलुंडच्या प्रितमला मिळाली. त्याचे केस तांबडे रंगवले, डोळ्यांत निळ्या लेन्स घातल्या. उच्चार शिकवायला ओवेनला बोलावलं, पण त्याचे उच्चारही पुरेसे आयरिश न वाटल्यामुळे ते प्रितमनं मोबाइलवर बघून बसवले. ओवेनची अगदीच निराशा करायची नाही म्हणून त्याला प्रितमला फाशी देणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं काम देण्यात आलं.

तो भाग बघायला अर्धी इमारत मालनबाईंकडे जमली. प्रितम फासावर गेला आणि खोलीभर हुंदके फुटले. शेजारच्या मधुवंतीनं नाक पुसलं आणि सगळ्यांना चहा देत उभ्या असलेल्या ओवेनकडे बघून म्हणाली, "काय दगडाचं काळीज गं याचं! आयरिश माणसाला मारताना हात कसा नाही थरथरला?"

तिनं चहा घेतला नाही. मग कुणीच घेतला नाही. ओवेननं ट्रे ओट्यावर ठेवला, आत जाऊन कपाटावरची बॅग काढली.

तेवढ्यात बाळा आला. त्यानं चप्पल कोपऱ्यात भिरकावली. "फ्लॅट गेला! नुसतं आडनाव ऐकलं, तोंड बघितलं आणि म्हणाले, तुम्ही मासळी खाणारे दिसता. आई, मी शाकाहारी आहे! खरा शाकाहारी! माणूस बघायचा की तोंड बघायचं?"

हळहळ पसरली. काय पण एकेक लोक असतात, असं मधुवंतीसुद्धा म्हणाली.

मालनबाईंनी बाळासमोर ताट मांडलं आणि त्यात कालवणातला सगळ्यात मोठा बांगडा वाढला.

"बरोबर केल्यानी. तू असशीत रे झिला खरो शाकाहारी, पण वाटणस नाय. लोकांका कन्फ्यूज होता. खा आता गप. मिळालो तो वेश निभाव."