पिंगळचं पुढे काय झालं

रामभाऊंचं पत्र संक्रांतीच्या सुमाराला आलं होतं. आता गणपतीही गेले, तरी कृष्णरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कारण साधं होतं. त्यांनी ते पत्र वाचलंच नव्हतं.

म्हणजे वाचायला घेतलं होतं. 'प्रिय कृष्णा, सप्रेम नमस्कार. चौथ्या खंडात पिंगळ' एवढ्या ओळीपर्यंत आले आणि आत विंचू दिसावा तशी त्यांनी पत्राची घडी घालून टाकली. तेव्हा ते दुसऱ्या खंडात होते.

रामभाऊ गेल्या वर्षी इंदूर सोडून मुलाकडे, परेशकडे, नाशिकला राहायला गेले. कानांनी दगा दिल्यामुळे फोनवर बोलणं संपलं होतं. जाताना ते कृष्णरावांच्या दारात एक खोकं ठेवून गेले. आत 'वज्रद्वीपाची गाथा', विटेएवढे जाडजूड नऊ खंड. "वाच. मग बोलू," एवढंच म्हणाले. आता रामभाऊ म्हणजे तरुणपणी टॉकीजमध्ये मध्यंतराच्या आधीच "खून मामानं केलाय बरं का" असं कानात सांगणारा माणूस. त्याच्या पत्रात काय असणार, हे कृष्णरावांना न वाचताच कळलं होतं.

"अहो, त्यात काही कामाचं असलं तर?" शांताबाई म्हणाल्या.

"नऊ खंड झाले की वाचतो."

"तोवर उत्तर तरी टाका दोन ओळींचं."

"न वाचलेल्या पत्राला काय उत्तर देणार?"

"आजोबा, इकडे द्या ना, मी वाचते," नात पलक म्हणाली. "स्पॉइलर असला तर नाही सांगणार, प्रॉमिस."

"तुझा चेहरा सांगेल."

गाथेत राजे होते, मांत्रिक होते, गरुडांवर बसून लढणारं सैन्य होतं. पण कृष्णरावांचा जीव अडकला होता पिंगळमध्ये. पिंगळ हा गडावरचा कोठीदार. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज इतका हळू की पहारेकरी त्याला दोनदा विचारत. त्यानं आयुष्यात तलवार धरली नव्हती. जिना उतरताना तो भिंतीला हात लावून उतरे. कृष्णरावांनी सगळी नोकरी बिजली विभागाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती आणि तेही भिंतीला हात लावूनच जिना उतरत. असल्या माणसाचं एवढ्या मोठ्या कथेत काही भलं होईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पत्रातल्या त्या अर्ध्या वाक्यानं तर त्यांची झोपच उडवली. चौथ्या खंडात पिंगळ काय? मरतो? फितूर होतो? तिसऱ्या खंडाच्या शेवटी पिंगळ जळत्या कोठारात सापडला, तेव्हा कृष्णराव पुस्तक मिटून अंगणात येरझारा घालू लागले. चौथा उघडायला त्यांना दोन दिवस लागले. उघडला, तर पहिल्याच पानावर पिंगळ विहिरीच्या भुयारातून बाहेर आलेला, किल्ल्यांसकट. पण म्हणून सुटका कुठली? अजून अख्खा चौथा खंड शिल्लक होता. पिंगळ जिन्याजवळ गेला की कृष्णराव बसल्याजागी भिंतीला हात लावत. चौथा संपला आणि पिंगळ जिवंतच राहिला, तेव्हा तर ते आणखीच घाबरले. म्हणजे रामभाऊंचा खंड चुकला असणार, आणि मरण पुढे कुठेतरी दबा धरून बसलेलं असणार.

पाचव्या खंडात कचरागाडीचा प्रकार घडला. गाडीचं गाणं ऐकून शांताबाईंनी त्यांच्या हातात सुक्या कचऱ्याची पिशवी दिली. दुसऱ्या हातात पुस्तक होतंच. ते परत आले ते पिशवी घेऊन.

"ही काय घरी आणली परत?" शांताबाईंनी विचारलं. "आणि पुस्तक?"

कृष्णराव लेंगा-बनियनवर गाडीमागे धावले. आयुष्यात ते कशाच्याही मागे धावले नव्हते. गल्लीच्या टोकाला त्यांनी गाडी गाठली. गाडीवाल्या बाईनं सुक्याच्या खणातून खंड काढून झटकला आणि बजावलं, "बाउजी, कागज़ सूखे में ही जाता है, आपने सही डाला था."

पण खरा घोटाळा सातव्या खंडात झाला.

शेजारचे पोतनीस वारले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये उठावना, म्हणजे इंदूरकडची शोकसभा, होता. पोतनीसांची नि कृष्णरावांची ओळख नमस्कारापुरती. पण जाणं भाग होतं, आणि पिंगळ त्या वेळी सेनापतीसमोर उभा होता. कृष्णरावांनी खंडाला तपकिरी कागद घातला, शालीत धरला आणि ते मागच्या खांबाशी बसले. मांडीवरचं जाडजूड पुस्तक पाहून लोकांना वाटलं, काका पोथी वाचताहेत. कुणीतरी आदरानं पंखाही त्यांच्याकडे वळवला.

इकडे पिंगळनं सेनापतीचा हुकूम मोडून उपाशी कैद्यांसाठी कोठार उघडलं होतं. सेनापतीनं सगळ्यांसमोर त्याच्या कमरेच्या किल्ल्या हिसकावल्या. त्यावर पिंगळ एवढंच म्हणाला, 'शेवटची पंगत तेवढी उठू द्या.' इथे कृष्णरावांना हुंदका आला. दाबायला गेले तर दुसरा आला, पहिल्यापेक्षा मोठा. सगळा हॉल मागे वळून पाहू लागला. पोतनीसांचा मुलगा अनीश उठून जवळ आला. त्याचेही डोळे भरून आले होते.

"काका, बाबांवर तुमचा इतका जीव होता, मला माहीतच नव्हतं. दोन शब्द बोला ना."

"नको, नको. मला बोलता येत नाही."

"बस दो शब्द, काका. आईसाठी."

अनीशनं माइक हातात दिला. समोर शंभर चेहरे. कृष्णरावांच्या डोक्यात पोतनीसांविषयी एकही गोष्ट आली नाही. डोक्यात फक्त पिंगळ होता.

"साधा माणूस," ते म्हणाले. माइक कर्कश ओरडला. "उभ्या जन्मात कधी शस्त्र धरलं नाही. सगळे लढत होते, तेव्हा हा... किती माणसं जेवायची राहिलीत ते बघत होता. सगळे जेवले की मग स्वतः. शत्रूच्या माणसांनाही वाढलं. मोठ्या लोकांनी त्याच्या हातातल्या किल्ल्या काढून घेतल्या. तरी तो म्हणाला, शेवटची पंगत तेवढी उठू द्या." आणि त्यांनी माइक अनीशच्या हातात परत दिला.

हॉलमध्ये प्रत्येक शब्द पोतनीसांनाच लागू पडला. पोतनीस गणपतीत समाजाच्या पंगतींचा कारभार बघत. समोरच्या मंडळाची माणसंही ते हाताला धरून जेवायला बसवत. आणि दोन वर्षांपूर्वी नव्या कार्यकारिणीनं त्यांच्याकडून स्वयंपाकघराच्या किल्ल्या खरोखरच काढून घेतल्या होत्या. पोतनीस वहिनी पदरात तोंड लपवून रडू लागल्या. अध्यक्षांनी मान खाली घातली. बाहेर एक जण कृष्णरावांचे हात धरून इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, आज तुम्ही खरं बोललात. कुणाची हिंमत नव्हती."

कृष्णरावांना काहीच उमजलं नाही. घरी येऊन त्यांनी घाईघाईनं पुढचं पान उघडलं.

भाषणाचा व्हिडिओ त्याच रात्री समाजाच्या ग्रुपवर आला आणि फिरत फिरत आठ-दहा दिवसांनी नाशिकला पोहोचला. कृष्णराव आठव्या खंडाच्या शेवटच्या पानांवर असताना परेशचा फोन आला. शांताबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"काकू, बाबांनी कालपासून धड खाल्लेलं नाही. तो व्हिडिओ परत परत बघतायत. ऐकू तर येत नाही, नुसतं काकांना रडताना बघतात. म्हणतात, कृष्णाला पोतनीससाठी एवढं रडता येतं आणि मला दोन ओळी लिहिता येत नाहीत. वर म्हणतात, बहुतेक मी अजून जिवंत आहे, हीच त्याची अडचण असेल."

पलकनं आजोबांकडे पाहिलं. शांताबाईंनी कपाटातून पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. कृष्णरावांनी आठवा खंड संपवला, कारण चारच पानं राहिली होती. मग डोळे अर्धवट मिटून त्यांनी घडी उघडली.

'प्रिय कृष्णा, सप्रेम नमस्कार. चौथ्या खंडात पिंगळ परत येतो का रे? माझे तीनच खंड वाचून झाले आणि डोळ्यांच्या डॉक्टरनं बारीक अक्षर बंद केलं. पिंगळला जळत्या कोठारात ठेवून मी नाशिकला आलो. तो वाचला का तेवढं कळव. मोठ्या अक्षरात लिही. माणूस अगदी तुझ्यासारखा आहे, म्हणून जिवाला लागलंय. दिवाळीला इंदूरला यावंसं वाटतं. तू ये म्हणालास तर.'

कृष्णरावांनी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"काय लिहिलंय?" शांताबाईंनी विचारलं.

"पिंगळ रामासाठी संक्रांतीपासून जळतोय," कृष्णराव म्हणाले. "आणि मला चौथ्याच्या पहिल्याच पानावर कळलं होतं."

पलक म्हणाली, "आजोबा, यार, तुम्ही पण ना! मी परेशकाकाला व्हॉट्सॲप करते, 'वाचला' म्हणून. काम खतम."

"नको. त्यानं पत्र लिहिलंय."

पहिला मसुदा माफीतच संपला. दुसऱ्यात चौथ्या खंडाची सगळी हकीकत आली. ती वाचताना त्यांच्या लक्षात आलं, आपण रामभाऊच झालो. त्यांनी तो फाडला. तिसरा त्यांनी पलकच्या स्केचपेननं, दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत लिहिला.

'प्रिय रामा, पिंगळ वाचला. विहिरीच्या भुयारातून. किल्ल्या हातात आहेत. बाकी काही सांगणार नाही. दिवाळीला ये, चौथ्यापासून सगळं वाचून दाखवतो. तुला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. गल्ली ऐकेल, ऐकू दे. नववा खंड तू आल्याशिवाय मी उघडणार नाही, शपथ. तुझा, कृष्णा.'

पलकनं त्यांना स्कूटीवर बसवून पोस्टापर्यंत नेलं. कृष्णरावांनी पाकीट दोनदा तपासलं, पत्ता तिसऱ्यांदा वाचला आणि ते लाल पेटीत टाकलं. आत ते कशावर तरी हलकेच आपटलं. फार दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं.

मग त्यांना आठवलं. आठव्या खंडाच्या शेवटच्या ओळीत पिंगळ बुरुजाच्या जिन्यावर होता, त्याच्या हातातला दिवा विझला होता आणि मागून पावलांचा आवाज येत होता. आणि दिवाळी अजून लांब होती.

"चला ना आजोबा," पलक ओरडली, "गाडी रॉन्ग साइड उभी आहे!"

"आलो, आलो," कृष्णराव म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पेटीच्या फटीत हळूच दोन बोटं घातली.