दोन इंचांचं भोक

ड्रिल मशीन कसं निवडावं, हे मला विचारा! बावीस वर्षं नळांच्या आणि गरम पाण्याच्या कामात काढलीत. मशीन नुसतं हातात घेतलं की सांगतो, ते भिंतीला रडवणार की भिंत त्याला!

म्हणूनच दुकानात साडूभाऊंनी ते इवलंसं बॅटरीवरचं ड्रिल उचललं, तेव्हा मला हसू आवरेना. साडूभाऊ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान आणि धंद्यातले भागीदार. माणूस सोन्यासारखा, पण खोकल्याचं औषधसुद्धा दोनदा मोजून घेणारा!

“दादा, याला खोली ठरवायची दांडी आहे,” ते म्हणाले. “हवं तेवढंच भोक पडतं.”

“साडूभाऊ, यानं दाढी करा! आपल्याला भिंती फोडायच्यात.”

मी फळीवरचं सगळ्यात मोठं धूड उचललं. म्हणजे, मी आणि दुकानदारानं मिळून उचललं. ठोके मारत फिरणारं, सात किलोचं! सोबत भोक पाडणारी हातभर लांब सळई, म्हणजे बिट.

“पाइपाच्या क्लॅम्पला भोक लागतं दोन इंच,” साडूभाऊ पुटपुटले. “आणि बिट हातभर?”

“अहो, कीर्तनात बुवांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, म्हणून पहिल्या रांगेतले बहिरे होतात का? ताकद जवळ असावी. वापरायची बेतानं!”

हे वाक्य मला इतकं आवडलं, की वाटेत मी ते आणखी दोनदा म्हटलं.

आता काम ऐका. चाळीस घरांच्या एका इमारतीत घरोघरी गरम पाण्याचे पाइप आणि हीटर बसवायचे होते. असं काम आम्हाला आयुष्यात प्रथमच मिळणार होतं! मिळालं तर दोन्ही घरांची वर्षभराची चिंता मिटणार, नाही तर पुन्हा गळके नळ आहेतच. अध्यक्षबाईंची अट एकच: तळमजल्यावरच्या रिकाम्या घरात एक हीटर बसवून दाखवा, संध्याकाळी पाचच्या सभेत निकाल.

तीनला मी भिंतीवर खुणा केल्या, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. काय सांगू! टाळ, झांजा, मृदंग सगळं एकदम! खिडकीची तावदानं डोलायला लागली. मीही डोलायला लागलो, कारण मशीन मला धरून होतं!

“दादा, पुरे! दोन इंच झालं असेल!” साडूभाऊ ओरडले.

“अजून कुठे! भिंत टणक आहे!”

खरोखरच मशीनचा आवाज जड झाला होता. पलीकडे काहीतरी बिटाला धरून ओढत होतं. मला वाटलं, आत दगड लागला. बरं झालं मोठं मशीन आणलं! मी सगळा भार टाकला.

शेवटी दमून बिट ओढलं, तर निघेना. मी मशीनला धरलं, साडूभाऊंनी मला धरलं. एक हिसका, आणि आम्ही दोघं हीटरच्या रिकाम्या खोक्यावर बसलो. खोकं चपटं झालं, पण बिट बाहेर आलं. त्याच्या टोकाला एक गुलाबी दोरा लोंबत होता.

“वायर!” मी किंचाळलो. “सगळ्या इमारतीची वीज गेली!”

“दादा, दिवा चालू आहे.”

साडूभाऊंनी दोरा जरासा ओढला. तो आला. आणखी ओढला. आणखी आला! वारभर, दहा वार... आख्यान रंगल्यावर बुवा थांबत नाहीत, तसा तो थांबेचना. साडूभाऊंच्या पायाशी गुलाबी ढीग झाला.

“दादा,” ते हलकेच म्हणाले, “ही लोकर आहे.”

“भिंतीत लोकर?”

“भिंतीत नाही हो. भिंतीपलीकडे.”

पलीकडे अध्यक्षबाईंचं घर होतं.

“गुपचूप सिमेंट भरू का?” साडूभाऊंनी विचारलं.

खोटं कशाला सांगू, मलाही मोह झाला. पण रोज हात जोडून देवापुढे उभं राहायचं आणि इथे भोक बुजवून पसार व्हायचं, हे जमेना. मी ढीग छातीशी धरला आणि शेजारची बेल वाजवली.

“बाई,” मी म्हटलं, “आमच्या बाजूच्या भिंतीपाशी गुलाबी काय ठेवलंय हो?”

“कपाटात नातीचा स्वेटर आहे. तीन महिने विणतेय. का हो?”

“होता, बाई.”

त्यांनी कपाट उघडलं. सुयांवर एक बाही शिल्लक होती. शेजारच्या साड्यांवर सिमेंटची पावडर, आणि मागच्या भोकातून दिसत होता साडूभाऊंचा डोळा!

बाईंनी माझ्या छातीशी धरलेला ढीग काढून घेतला. मग म्हणाल्या, “बसा. हात पुढे करा.”

पाच वाजेपर्यंत मी दोन्ही हात ताठ धरून बसलो आणि बाईंनी लोकरीचा गुंडा केला. सभेलाही त्या गुंडा घेऊनच गेल्या. “मागच्या नळवाल्यानं माझ्या भिंतीला भोक पाडून वर कॅलेंडर टांगलं होतं. चार महिन्यांनी कळलं,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं. “हीटर बसवायचा राहिला खरा, पण हे निदान बेल वाजवून सांगायला तरी आले. काम यांनाच द्या.”

मी आनंदानं उठणार, तेवढ्यात त्यांनी कागदावर अट घातली. ड्रिल साडूभाऊ चालवतील, तेही छोटं. आणि प्रत्येक भोकाआधी भिंतीपलीकडचं कपाट मी रिकामं करायचं, नंतर घड्या घालून जसंच्या तसं लावायचं!

आजवर एकोणीस कपाटं झाली. साडीची घडी मला आता डोळे मिटून येते. घरी मात्र मी अवाक्षर काढलं नव्हतं. पण साडूभाऊंकडून मेहुणीला आणि मेहुणीकडून बायकोला काय कळायचं राहतं? काल दमून आलो, तर पलंगावर कपड्यांचा डोंगर, आणि बायको शेजारी खुर्ची टाकून बसलेली.

“या,” ती म्हणाली. “ऐकलंय, हात फार छान बसलाय तुमचा!”