दारामागची ओढाताण

धाप लागली की बसायचं, बसून भागलं नाही की आडवं व्हायचं, आणि ‘का?’ असं विचारायचं नाही. हा नियम थोरल्या काकांचा. काकांनी जन्मभर गोदामात पोती मोजली होती, त्यामुळे फुप्फुसांतलं त्यांना सगळं कळत होतं.

ठिणगीला (हे घरातलं नाव, लहानपणी कौतुकानं ठेवलेलं, आता पस्तावून वापरलं जाणारं) फुप्फुसांचा आजार झाला, तोही दुर्मिळ. झालं! “आमच्या घराण्यात साधंसुधं काही होतच नाही,” असं आत्या येईल त्याला ऐकवू लागली. आणि दुर्मिळ वस्तूचं करतात तेच घरानं तिचं केलं : झाकून ठेवलं. तिनं पेला उचलला तरी बाबा धावायचे. पडून पडून पायांच्या काड्या झाल्या.

शेवटी डॉक्टरांनी तिला व्यायामकेंद्रात धाडलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, “फुप्फुसं बदलता येत नाहीत, पण हातपाय बळकट झाले तर आहे त्या श्वासात जास्त काम होईल. थोडी धाप लागायलाच हवी. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लाव, आकडा फार उतरला तर थांब. आणि ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखा हळू श्वास सोड.”

हळूहळू ती जिना चढू लागली. तिला शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीवर परतायचं होतं, आणि प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती.

घरात मात्र चंबूवरून रणकंदन. काकांशी वाद घालताना तिला धाप लागे, आणि धाप लागली की ती त्यांच्या तोंडावर “फूऽऽ” करी.

“बघा! मोठ्यांवर फुंकर मारते!”

“श्वास सोडतेय, काका.”

“मग आम्ही काय धरून बसलोय?”

अखेर एका रविवारी काका, बाबा आणि आत्या अशा तिघांनी ठराव केला : केंद्र बंद, नोकरीचा राजीनामा. (ठरावाला ठिणगीची गरज नव्हती, ती फक्त आजारी होती.) तो सांगायला वरात तिच्या खोलीकडे निघाली.

खोलीचं दार बाहेरच्या बाजूला उघडायचं. ठिणगीनं त्याच्या आतल्या मुठीला रबरी पट्टा बांधला होता आणि खुर्चीत बसून ती तो छातीकडे ओढत होती. कानात इअरफोन.

बाबांनी दार ओढलं. ते जरासं उघडलं आणि धाडकन मिटलं.

“आतून कुणीतरी खेचतंय!”

“बेशुद्ध पडून दाराला लटकलीय पोर!” आत्यानं निदान केलं.

“लटकलेलं माणूस मागेपुढे होतं का?” बाबांनी शंका काढली.

“दुर्मिळ आजार आहे, होत असेल!”

“सरका,” काका म्हणाले. त्यांनी दाराची मूठ धरली, बाबांनी काकांची कंबर, आत्यानं बाबांचा सदरा.

आत ठिणगीला पट्टा भलताच जड लागू लागला. बाई म्हणाल्याच होत्या, जोर हळूहळू वाढवायचा. ती खूश झाली आणि जीव खाऊन ओढू लागली. (विज्ञानाची पदवी होती तिच्याकडे; तरी पट्टा आपोआप जड का होईल, हा प्रश्न तिला पडला नाही.)

पट्टा तुटला. ठिणगी खुर्चीसकट पलंगावर आदळली. दार सताड उघडलं, आणि बाहेर घराण्याचा ढीग : तळाशी आत्या, मध्ये बाबा, वर काका. तिघांचे भाते सुरू.

“धाप लागली की बसायचं ना, काका?” ठिणगीनं त्यांच्या बोटाला चिमटा लावला. “का, ते विचारू नका. ओठांचा चंबू करा. सोडा हळू.”

तिघांनी निमूट फुंकर मारली. मग काकांनी तेच चिमट्याचं बोट तिच्यावर रोखलं. “उद्यापासून... केंद्र... बंद...”

“नाही,” ठिणगी म्हणाली. “उद्या मी केंद्रात जाणार, आणि बाईंनी हो म्हटलं की प्रयोगशाळेत. जिना माझा, धापही माझी. बसून राहायचा नियम मी पाळणार नाही.”

काका गप्प. बाबा गप्प. आत्यासुद्धा गप्प!

आपल्या शब्दांचा केवढा हा प्रताप, असं ठिणगीला वाटलं. आणखी पुष्कळ सुनवायचं होतं. तिनं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि भाषणाऐवजी “फूऽऽ” बाहेर पडलं. समोरून तिन्ही चंबूंनी तेवढीच लांब फुंकर सोडली.